गुरुजींचा खुबा

उचगाव,
६ जानेवारी

दादा,

तीर्थरूप लिहावं तर सहा वर्षांत तू कुठल्याच नवसाला पावला नाहीस, आणि चिरंजीव लिहावं तर तू माझ्यापेक्षा मोठा. म्हणून नुसतंच दादा. जय जिनेंद्र.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन तू उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास, आणि तुझ्या दवाखान्यातली मुलगी दर वेळी "सर ओटीत आहेत" म्हणते. नागपुरात रोज इतकी हाडं मोडतात का रे? शेवटी पोस्टात गेले. पत्राला ब्लॉक करता येत नाही.

काम आहे, म्हणून लिहितेय. आपल्या गुरुजींचं काम.

शहरात नवं चित्रदालन होतंय, कोल्हापुरात तयार झालेल्या सिनेमांचं. पाडव्याला उद्घाटन. मधोमध कोण उभं राहणार, तर 'हजर, गुरुजी!' सिनेमातला आपल्या आण्णांनी केलेला लाकडी सांगाडा. मेलेले मास्तर शाळेच्या प्रयोगशाळेतून खाली उतरतात आणि डुलत डुलत वर्गात येऊन हजेरी घेतात, तो सीन आजही लग्नाच्या वरातीत पोरं करून दाखवतात. मागच्या महिन्यात माझ्या सासरी, वडगावात, नवरदेवाच्या मामानं केला आणि पडला. तुझ्याकडं पाठवायला हवा होता.

पण खरे गुरुजी आता उभे राहत नाहीत. भुंगा लागलाय. काचेच्या पेटीत रोज पिठासारखा भुसा पडतो. म्हणून दालनाच्या विश्वजितनं नवे करायला सांगितलेत, हुबेहूब. विश्वजित म्हणजे तिथला व्यवस्थापक, तिशीतला, चांगला आहे, फक्त प्रत्येक वाक्यात 'एक्स्पिरियन्स' म्हणतो. काम मी करतेय. आण्णा खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात. त्यांची तब्येत बरी आहे.

बरी म्हणजे, हात थरथरतात. चहा बशीत ओतून दिला तर निम्मा लुंगीवर जातो. पटाशी तर मी लपवूनच ठेवलीये. चौऱ्याऐंशी झाली आता.

तर मुद्द्याचं. सांधे कुठं पिनेनं जोडायचे ते कळावं म्हणून मी मेडिकलची पोरं घेतात तसला प्लास्टिकचा सांगाडा आणला. गुरुजींच्या शेजारी टांगला आणि बघतच बसले. दादा, आपल्या गुरुजींचे दोन्ही हात उजवे आहेत! सबंध महाराष्ट्रानं चाळीस वर्षं बघितलं आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. मी त्या सांगाड्याखाली लहानाची मोठी झाले, माझ्याही नाही. मग एकेक दिसायला लागलं. मनगटं कशीतरीच आहेत. कंबर प्लास्टिकवाल्यापेक्षा भलतीच रुंद. बरगड्या मोजल्या तर कमी भरल्या.

विश्वजितला सांगितलं तर तो घाबरला. म्हणाला, "ताई, मेडिकलची मुलं येणार, व्हिडिओ काढणार, हसं होईल की. चुका तेवढ्या दुरुस्त करून टाका." आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "हाय तसा कर." का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हुबेहूब म्हणजे काय असतंय?" आणि कानातलं मशीन काढून ठेवलं. त्यांचं बोलणं संपलं की ते असंच करतात.

म्हणून फोटो पाठवतेय. तू हाडांचा डॉक्टर आहेस. गुरुजींना पेशंट समजून तपास आणि काय काय बिघडलंय ते सगळं लिही. दालनाच्या लोकांना डॉक्टरचं मत लेखी हवंय, आणि घरात डॉक्टर असताना मी बाहेरच्याच्या पायऱ्या का झिजवू?

आई गेली त्या आठवड्यात तू अंगणात उभा राहून आण्णांना बोललास, ते मी विसरले नाही. "तुम्हाला लाकडाच्या माणसांची कळकळ असते, हाडामासाच्या नाही." मी विसरले नाही आणि तेही विसरले नाहीत. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

बरं, आहे. तू यायला हवा आहेस. आण्णा बोलून दाखवत नाहीत, पण नागपूरची गाडी स्टेशनात येते त्या वेळेला ते रोज दाराशी खुर्ची ओढून बसतात. तू येणारच नसशील, तर निदान गुरुजींना तरी तपास.

तुझी,
दीपा


पेठ वडगाव,
२९ जानेवारी

दादा,

कुरिअर मिळालं. वर ना प्रिय, ना खाली तुझा. सरळ यादी! सहा वर्षांनी भावाचं अक्षर बघितलं तर तेही प्रिस्क्रिप्शनचं. आमच्या ह्यांना, अरिहंतना म्हटलं, बघा, मेव्हण्यांचं पत्र. ते म्हणाले, "आगं, ह्यात गोळ्या कुठल्या लिवल्यात?"

पण तिसऱ्या मुद्द्याला तुझ्यातला जुना दादा दिसला, ते खरं. तू थट्टा करायला लागलास. मला इतकं बरं वाटलं की गल्ला सोडून आमच्या कपड्याच्या दुकानाच्या मागं जाऊन रडून आले.

मग उचगावला आले आणि आण्णांना यादी वाचून दाखवली. मशीन कानात घालायला लावलं.

"एक. दोन्ही हात उजवे." आण्णा हसले. म्हणाले, "व्हय, गुरुजी हुते, दोन्ही हातांनी छडी मारायचे."

"दोन. दोन्ही मनगटांच्या वर हाडात आडवी फट. अशी फट वाढत्या वयाच्या मुलात असते, नंतर ती भरून येते. प्रौढाच्या सांगाड्यात असू शकत नाही." ह्यावर नुसती मान हलवली.

तिसरा मुद्दा तुझ्याच शब्दांत वाचला. इथं परत लिहिते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही कळेल: "तीन. गुरुजी ही बाई आहे. कंबर शंभर टक्के बाईची. उजव्या खुब्याची वाटी जन्मापासून उथळ आहे, गोळा तिच्यात नीट बसलेलाच नाही. पेशंट आयुष्यभर लंगडत चालली असणार. शिवाय हाड किडून पोकळ झालंय. पेशंटचं वय बघता हा खुबा मोडला तर मी ऑपरेशनला हात लावणार नाही. स्क्रू धरणार कशात? भूलही सोसायची नाही. कुणी सर्जन हट्टानं टेबलावर घेत असेल तर त्याच्या हातातली सुरी काढून घ्या. पेशंटला घरी, आपल्या माणसांत ठेवावं, दुखणं कमी करावं आणि तिचं म्हणणं ऐकावं."

मी हसत हसत वाचत होते. वर बघितलं तर आण्णा हसत नव्हते.

"परत वाच," म्हणाले.

परत वाचलं. मग म्हणाले, "हे अनेकांतनं लिवलंय? त्याच्या हातानं?" मी कागद दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, पण हात इतका हलत होता की एक ओळही वाचता आली नसणार. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि उठून दाराशी जाऊन उभे राहिले. मी ताट वाढून हाका मारल्या. आले नाहीत. दिवस मावळला. मावळल्यावर ते पाण्याशिवाय काही घेत नाहीत, तुला माहीत आहे. एरवी उन्हं कलली की घड्याळाकडं बघणारा माणूस, त्या दिवशी जेवण चुकलं तरी भान नाही.

काय झालं ते मला कळलेलं नाही. विचारलं तर "भूक न्हवती" एवढंच.

चौथा मुद्दा बरगड्यांचा. बारा हव्यात, अकराच जोड्या आहेत. कमी आहेत हे मी आधीच सांगितलं होतं, त्यात तू नवीन काय शोधलंस? पाचवा मात्र मुद्दा नव्हे, प्रश्न आहे: "मनगटामागं काटकोनासारखी बारीक उठावाची खूण दिसते, ती काय?"

अरे, ती आण्णांची निशाणी! स्टुडिओतली सगळी माणसं ओळखायची. सोनार कसा दागिन्यावर शिक्का मारतो, तशी. मी तर ती आपल्या लाकूडकामाच्या कारखान्याच्या पाटीवर रंगवून घेतलीये, बिलबुकावर छापलीये, गेल्या वर्षी दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटलेल्या पिशव्यांवरही आहे. तू घरात होतास कुठं, तुला माहीत असायला?

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

दीपा


उचगाव,
११ फेब्रुवारी

दादा,

तुझी एका ओळीची चिठ्ठी आली. "ती खूण आरशात बघ."

आण्णांचा दाढीचा आरसा घेतला आणि गुरुजींच्या मनगटामागं धरला. इंग्रजी एल. एक्स-रेच्या फिल्मवर डावा-उजवा कळावा म्हणून टाकतात, तो एल. उलटा. माझ्या पाटीवर, बिलबुकावर, दोनशे पिशव्यांवर एक्स-रेचा उलटा एल आहे. मी आधी पोट धरून हसले आणि मग आण्णांसमोर जाऊन बसले. मशीन त्यांच्या कानात स्वतः घातलं. म्हटलं, आज सगळं सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

ते म्हणाले तसंच लिहिते.

"सिनेमावाल्यांनी खरा सांगाडा आणून दिलता. बघून बघून कर म्हणून. पेटी उघडली आणि तशीच मिटली. कुणाचंतरी माणूस हाय की ते. त्याला टांगायचं आणि त्याच्याकडं बघत पटाशी चालवायची, मला काय जमंना. परत पाठवला. सरस बी वापरला न्हाई मी, जनावराच्या हाडाचा असतोय. चिंचोक्याची खळ लावून जोडलाय गुरुजी. पर बघायला काय तरी पायजे. मग घरातलं फोटू काढलं. एक्स-रे. छातीचा माझा हुता, खोकला धरलता तवाचा. अकराच बरगड्या दिसल्या, अकराच केल्या. हात अनेकांतचा."

तू पेरूच्या झाडावरनं पडलास तेव्हाचा, दादा. डावा हात. एकाच हाताची फिल्म होती, ती त्यांनी खिडकीच्या काचेला चिकटवली, उलटी लागली, आणि त्याच एका चित्रावरून दोन्ही हात केले. मोठ्या माणसाच्या मापाला वाढवून. कोपऱ्यातला एल त्यांना इंग्रजी वाटलाच नाही. "फोटूत हुतं म्हणून केलं. मला काय म्हाईत, हाडात काय काय असतंय."

म्हणून दोन्ही हात उजवे. खरं तर दोन्ही तुझे डावे, पाठीमागून बघितलेले.

मग मी त्या फटीचं विचारलं. म्हटलं, मोडलेली जागा आहे का ती? तर म्हणाले, "मलाबी तसंच वाटलंतं. मी दवाखान्यात गेलो तवा पोरगं झोपलंतं. उठवलं न्हाई. डॉक्टरला म्हटलं, हितं मोडलंय व्हय? तर तो म्हणाला, आवो न्हाय, मोडलंय ते वर. ही फट चांगली असतीया. पोराचं हाड हितनंच वाढतंय. मग ती कशी बुजवणार मी? राखली."

तू आयुष्यभर सांगत आलास, हात मोडला तेव्हा आण्णा शूटिंग सोडून आले नाहीत. ते आले होते, दादा. उशिरा आले, तू झोपला होतास, एवढंच. आणि त्यांनी तुझं वाढणारं हाड अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलं.

आता खरं सांगायचं ते सांगते. पत्र टेबलावर ठेवून वाच. हातात पेशंट असेल तर नंतर वाच.

कंबर आईची आहे.

माझ्या वेळेच्या बाळंतपणानंतर तिचा पाय फार दुखायला लागला म्हणून आण्णांनी तिला मिरजेला नेलं होतं, तिथं काढलेली फिल्म. तीही काचेला उलटी लागली. म्हणून तुला उजवा खुबा दिसला. आईचा डावा खुबा जन्मापासून तसा होता. तू ओळखला नाहीस ह्यात तुझी चूक नाही, चूक खिडकीची आहे.

गुरुजींची ती डुलत येणारी चाल, तीही आईचीच. दोऱ्या आण्णाच हलवायचे ना. त्यांनी तिला आधी विचारलं होतं, "रत्ना, तुझी चाल घिऊ का सिनेमात?" ती म्हणाली होती, "घ्या की. मी कुठं पडद्यावर दिसणार हाय?" आठवतं, थेटरात आई पदर तोंडाला लावून इतकी हसत होती की तू तिला चिमटा काढलास? आपल्याला वाटलं, सगळे हसतात तशीच हसतेय.

आता तुझा तिसरा मुद्दा परत वाच. मी वाचणार नाही. मला होत नाही.

आई पडून तिचा तोच खुबा मोडला तेव्हा तू ऑपरेशनला हटून बसलास; आता तू जे लिहिलंस, तेच इथल्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. आई तेच म्हणत होती. आण्णांनी तेच केलं. तुलाच फक्त ते ऐकू आलं नाही, कारण ती तुझी आई होती. परक्याची आई असती तर तू खुर्ची ओढून त्या लोकांपाशी बसला असतास आणि हेच समजावून सांगितलं असतंस. आत्ता ती परकी वाटली तर लिहिलंसच की.

मला तुला टोचायचं नाही. मला वाटलं होतं, हे कळल्यावर मला जिंकल्यासारखं वाटेल. नाही वाटलं. मला फक्त आई आठवली, आणि तू.

एक तक्रार आहे. गुरुजींमध्ये आण्णा आहेत, आई आहे, तुझे दोन दोन हात आहेत. माझं एक हाड नाही. विचारलं तर आण्णा म्हणाले, "तुला कवा काय झालंतं?" घ्या. धडधाकट असण्याचं हे बक्षीस.

तुझी,
दीपा


उचगाव,
२५ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र नाही. दवाखान्यात फोन केला तर ती मुलगी म्हणाली, "सर रजेवर आहेत." तू रजा घेतोस? मला आधी काळजी वाटली, मग राग आला, आता दोन्ही आहे.

इकडचं सांगते. नवे गुरुजी जवळजवळ झाले. पांगाऱ्याचंच लाकूड मिळालं, हलकं आणि पांढरं. डोकं, छाती, पाय झाले. हात झाले, दोन्ही उजवे, दोन्ही फटींसकट. उलटा एलसुद्धा केला. आता तो आपल्या घराण्याची निशाणीच आहे, लाज कसली.

कंबर कोरून तयार आहे. पण खुबा बसवलेला नाही. जुन्या सांगाड्यात नेमकी तीच जागा भुंग्यानं खाल्लीये. गोळा वाटीत किती बसायचा, किती बाहेर राहायचा, पाय कुठल्या बाजूला कलायचा, काही उरलेलं नाही. सरळ बसवला तर गुरुजी शिपायासारखे ताठ चालतात, मी करून बघितलं. दोरी ओढली आणि आण्णांनी तोंड फिरवलं. जास्त कलवला तर विनोदी होतं, वरातीतल्या मामासारखं. आई विनोदी चालत नव्हती.

आण्णांनी स्वतः बसवायचा प्रयत्न केला. मी दळण आणायला गेले होते तेवढ्यात. आले तर पिन जमिनीवर आणि ते उजवा हात डाव्या हातानं दाबून धरून बसलेले. "माझ्या हातनं न्हाय व्हायचं आता," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, दादा.

काल विश्वजित येऊन गेला. दालनाच्या मंडळींनी ठरवलंय, कंबर आणि हात प्लास्टिकच्या सांगाड्यावरून नीट करून घ्यायचे, नाहीतर डॉक्टरनं लेखी द्यावं की आहे ते चालेल. तो बिचारा मधल्यामध्ये सापडलाय. आण्णा त्याला म्हणाले, "पावणं, बदलायचं आसंल तर बदला. पर मग माझं नाव लावू नगा." त्यानं चहाही घेतला नाही.

तुझी यादी मी त्याला दिलेली नाही. ती आण्णांच्या खिशात आहे. सदरा बदलला की ते आधी यादी काढून नव्या सदऱ्यात घालतात.

काल त्यांना म्हटलं, दादाला काही लिहू का तुमच्याकडून? त्यांनी खिशातली यादी चाचपून बघितली. मग म्हणाले, "लिही, मला राग न्हाय. तवाबी न्हवता. आपल्या आईला कोण पेशंट म्हणून बघतंय? मी तरी कुठं बघितलं. पोरगं हातात हत्यार घिऊन उभं हुतं आणि त्याला हात लावू दिला न्हाई आमी. आईला वाचवायचं म्हटलं त्यानं, ह्यात काय गुन्हा हाय? तो चिडणारच की."

मग म्हणाले, "त्याला सांग, मी हाय अजून."

सांगितलं. आता माझं सांगते. माफी वगैरे कुणाला नकोय, आपल्या घरात ती कुणाला मागताही येत नाही आणि कुणाला देताही येत नाही. तू नुसता ये. जेवायला बस. दिवसाउजेडी ये म्हणजे आण्णाही पंगतीला असतील.

तुझी,
दीपा


नागपूर,
३ मार्च

प्रति,
श्री. विश्वजित,
व्यवस्थापक, चित्रदालन, कोल्हापूर

विषय: 'हजर, गुरुजी!' या चित्रपटातील सांगाड्याच्या शारीरिक अचूकतेबाबत वैद्यकीय मत.

महोदय,

सौ. दीपा यांनी पाठवलेली छायाचित्रे मी तपासली. यापूर्वी मी त्यांना काही त्रुटींची यादी कळवली होती. ती यादी रद्द समजावी. ती घाईने आणि पेशंटची माहिती न घेता केलेली होती. आमच्या व्यवसायात असे करू नये, असे मी विद्यार्थ्यांना शिकवतो.

फेरतपासणीनंतरचे माझे मत पुढीलप्रमाणे.

दोन्ही मनगटांवरील फट ही दहा वर्षांच्या निरोगी मुलाच्या हाडातील आहे. ती अचूक आहे. मी माझ्या डाव्या हाताची नवी फिल्म काढून घेऊन, ती उलटी करून, छायाचित्राशेजारी ठेवून पाहिली. आता फट भरून आली आहे, परंतु हाडांची ठेवण तीच आहे. दोन्ही हात उजवे असणे हे पुस्तकानुसार चूक आहे. तरी ते बदलू नयेत. ते माझे आहेत आणि माझी हरकत नाही.

बरगड्यांबाबत: फिल्ममध्ये जेवढ्या दिसल्या तेवढ्याच केल्या आहेत. न दिसलेले दिसले असे सांगणारे लोक मी रोज पाहतो. त्यापेक्षा हे बरे.

कंबर आणि खुबा यांबाबत: सदर खुबा कै. सौ. रत्नाबाई भूपाल यांचा आहे. वाटी जन्मतः उथळ होती. या खुब्यावर त्या सत्तरहून अधिक वर्षे चालल्या, दोन मुले कडेवर घेऊन चालल्या, उचगावहून पायी जाऊन बाजार करून आल्या. जो सांधा इतके करतो त्याला सदोष म्हणता येणार नाही. मी हाडांचा डॉक्टर असून आणि त्यांचा मुलगा असून तो मला ओळखता आला नाही. माझे डोळे शाबूत आहेत, तेव्हा याचे वैद्यकीय कारण मला देता येत नाही.

सबब, सांगाड्यात कोणतीही दुरुस्ती करण्याची गरज नाही. आहे तसा, श्री. भूपाल यांच्या नावासह उभा करावा. कुणी विद्यार्थी हसल्यास त्याला माझा फोन नंबर द्यावा.

एक विनंती. खुब्याचा सांधा मी स्वतः येऊन बसवणार आहे. त्याची मापे माझ्याकडे आहेत. आई पडली तेव्हाची फिल्म मी नागपूरला परतताना सोबत आणली होती, ती आजवर माझ्या कपाटात होती. तोपर्यंत कृपया कोणी हात लावू नये.

कळावे,
डॉ. अनेकांत भूपाल

ता. क. दीपा, हे पत्र पुढे विश्वजितना दे, आणि याच्यासोबतचा कागद आण्णांना मोठ्याने वाचून दाखव. मशीन कानात आहे ना, ते आधी बघ.

आण्णा,

रजा घेऊन पंधरा दिवस घरी बसलो होतो. रोज पत्र लिहायला घेत होतो. आज तिकीट काढलं, मग लिहिता आलं.

शनिवारी पोचतो. गाडी दुपारी येते, म्हणजे उजेड असेल. गाडीला उशीर झाला तर जेवायला थांबू नका, दिवस मावळायच्या आत तुम्ही जेवून घ्या. मी आल्यावर आपण आईचा खुबा बसवू. गोळा किती आत घ्यायचा ते मी बघतो, पिन मी घालतो. पण एकट्यानं होणार नाही, तो पाय कुणीतरी धरावा लागतो.

हात थरथरले तरी चालतील. तुम्ही फक्त धरा.

अनेकांत